दाबलं की पसरतं

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात दोन माणसं मावतात आणि त्यातला एक कारागीर असतो. दुसरा मी होतो. माझा लॅपटॉप रोज दुपारी चारच्या सुमारास तापून बंद पडत होता. संपादकांचा फोन मात्र कधीच बंद पडत नव्हता. कारागिरानं पाठीचे स्क्रू काढले, पंखा उचलला, तांब्याची पट्टी सुटी केली आणि म्हणाला, "काका, हे बघा." प्रोसेसरच्या अंगावर राखाडी थर वाळून बसला होता, जुन्या भिंतीवरच्या चुन्यासारखे पोपडे धरलेला.

त्यानं कापसाला स्पिरिट लावून तो थर पुसला. मग एका बारीक सिरिंजमधून तुरीच्या डाळीएवढा पेस्टचा नवा ठिपका मधोमध सोडला, पट्टी वर ठेवली आणि चार स्क्रू तिरके तिरके, थोडे थोडे पिळले. मला वाटलं होतं, तो ठिपका बोटानं सारखा करेल.

"पसरवत का नाही?"

"बोटानं केली की मध्ये हवा राहते. दाबली की आपली आपण पसरते."

"कुठपर्यंत?"

"आता आत कोण बघणार!"

मी हट्टानं पट्टी परत उचलायला लावली. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण उचलली. पेस्ट डाळीएवढी राहिली नव्हती. तिचं रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ झालं होतं आणि त्या वर्तुळात, दोन्ही बाजूंना, एक झाड उमटलं होतं. मध्ये खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. नदीचा उपनद्यांसह काढलेला नकाशाही असाच दिसतो. "हे नेहमीच येतं," असं म्हणून त्यानं ते झाड पुसून टाकलं आणि पुन्हा डाळीएवढा ठिपका ठेवला.

त्याचा "आत कोण बघणार" हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आत कोणी बघत नाही, हे खरं. पण आत काय होतं याचा हिशोब माणसं दीडशे वर्षं करताहेत, आणि आज तो पुण्यात बसून पगारी नोकरीत केला जातो.

आधी ही पेस्ट लागतेच कशाला? धातूचे दोन पृष्ठभाग आरशासारखे घासले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते सह्याद्रीच दिसतात. एकावर एक ठेवले की शिखरं शिखरांना टेकतात, दऱ्यांत हवा उरते. आणि उष्णता नेण्याच्या कामी हवेइतकं नालायक काही नाही. तांब्याची उष्णता वाहण्याची क्षमता साधारण ४०० मानली तर हवेची ०.०२६ भरते. पेस्टची १ ते १०, म्हणजे तांब्याच्या तुलनेत तीही भिकारच. एक उदाहरण मांडतो. प्रोसेसर १०० वॉट उष्णता टाकतोय, त्याचं अंग चार चौरस सेंटिमीटर आहे आणि पेस्टची क्षमता ५ आहे. थर ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास असेल, तर थराच्या दोन बाजूंच्या तापमानात अडीच अंशांचा फरक पडतो. थर २०० मायक्रॉनचा झाला की फरक १० अंश. आणि त्याच ५० मायक्रॉनच्या फटीत पेस्टऐवजी नुसती हवा असेल तर गणितात उत्तर येतं ४८० अंश. प्रत्यक्षात तेवढं होत नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी यंत्र मान टाकतं. माझं टाकत होतं तसं.

तेव्हा पेस्ट हवी, पण कमीत कमी जाडीची. सगळीकडे पोचलेली, पण बाहेर न ओघळलेली. या तीन अटी एकमेकींशी भांडतात.

या भांडणाचं गणित पहिल्यांदा मांडलं ते व्हिएन्नाच्या योझेफ स्टेफान यांनी, १८७४ साली. तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचा नियम ज्यांच्या नावानं बारावीला पाठ करावा लागतो, तेच हे स्टेफान. त्यांना छळणारा प्रश्न घरगुती होता: पाण्यात एकमेकींवर ठेवलेल्या दोन सपाट चकत्या ओढून वेगळ्या करताना एवढा जोर का लागतो? लोक म्हणत होते, चिकटून बसतात म्हणून. स्टेफाननी दाखवलं की त्या चिकटत वगैरे काही नाहीत. फट रुंद व्हायची तर कडेनं द्रव आत यायला हवा, आणि अरुंद फटीतून द्रवाला वाट काढणं जड जातं. उलट दिशेनं, म्हणजे दाबतानाही, तेच. फट निम्मी झाली की त्याच वेगानं दाबायला आठपट जोर लागतो. हा हिशोब चकतीच्या काठापर्यंत द्रव भरलेला असतानाचा. डाळीएवढा ठिपका पसरत जात असेल तर त्याचं क्षेत्रही वाढत जातं, आणि मग फट निम्मी व्हायला बत्तीसपट जोर.

पुढचा धागा इंग्लंडच्या रेल्वेचा आहे. १८८३ च्या सुमाराला ब्यूचॅम्प टॉवर नावाचे अभियंते आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी वरून एक भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर यायला लागलं. त्यांनी भोकात बूच ठोकलं. तेलानं बूचही वर ढकललं. तेलाच्या त्या पातळ थरात एवढा दाब येतो कुठून, याचं उत्तर मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सनी १८८६ मध्ये दिलं. त्यांच्या समीकरणातली युक्ती साधी होती. थर जर लांबीरुंदीच्या मानानं अतिशय पातळ असेल, तर त्याच्या उंचीत दाब बदलतो का हे बघत बसू नका. बदलत नाही असं धरा. मग तीन मितींचा प्रश्न दोन मितींचा होतो. आज संगणकावर पेस्ट पसरवणाऱ्या कित्येक प्रणालींच्या पोटात हीच युक्ती आहे.

हे सगळं वाचल्यावर मी घरी प्रयोग केला. फोटोफ्रेमच्या वीस सेंटिमीटर चौकोनी काचांच्या दोन जोड्या आणि साखरेच्या एकेक किलोच्या दोन पिशव्या. एका जोडीत पाव चमचा मध, दुसरीत तेवढीच टूथपेस्ट. रात्री आठ वाजता दोन्हींवर पिशव्या ठेवल्या. एका मिनिटात मधाचं वर्तुळ आठ सेंटिमीटर झालं, टूथपेस्टचं जेमतेम पाच. घरच्यांना मी खूश होऊन सांगितलं, की मध सोळा सेंटिमीटरला कधी पोचेल ते मला आत्ताच माहीत आहे. वर्तुळ दुप्पट व्हायला दुप्पट वेळ लागत नाही, चौपटही नाही. लागतो २५६ पट. म्हणजे २५६ मिनिटं. रात्री सव्वाबाराला मी उठून पाहिलं. साडेपंधरा सेंटिमीटर भरलं. मध थंड पडला असणार, असं म्हणून मी स्वतःला माफ केलं.

टूथपेस्ट मात्र पाचावरच होती. तिची गोष्ट वेगळी आहे आणि या धंद्यातली खरी डोकेदुखी तीच आहे.

मध हा सरळ स्वभावाचा द्रव. किती चिकट, म्हणजे शाळेच्या पुस्तकात ज्याला विष्यंदिता म्हणतात ती किती, एवढा एक आकडा कळला की त्याच्याबद्दल सगळं कळलं. मुंगीएवढा जोर लावा, तो मुंगीच्या पावलानं का होईना, सरकणार. टूथपेस्ट तशी नाही. ठरावीक जोराच्या खाली ती हटून बसते, त्याच्या वर वाहायला लागते. चकलीचं पीठ सोऱ्यातून जोरानं दाबल्याशिवाय उतरत नाही आणि ताटलीत पडलं की काटे जागच्या जागी राहतात, ते याच गुणामुळे. पीठ सैल झालं की काटे बसतात आणि घरातली अनुभवी बाई नुसतं बघून सांगते, "पाणी जास्त झालंय." अमेरिकेच्या यूजीन बिंगहॅमनी १९१९ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर निबंध लिहून हेच भिंतीच्या रंगाबद्दल सांगितलं होतं, की रंग हा चिकट द्रव नाहीच, त्याची जात निराळी. या जातीच्या पदार्थांच्या वाहण्याचं शास्त्र म्हणजे रिऑलॉजी. वर्तुळ एकदा थांबलं की ते दुप्पट करायला टूथपेस्टला वेळ देऊन उपयोग नाही, वजन द्यावं लागतं. आणि तेही बत्तीसपट. एक किलोच्या जागी बत्तीस किलो साखर. दिवाळीच्या तोंडावर ही मागणी घरात मान्य होण्यासारखी नव्हती.

प्रोसेसरवरची पेस्ट टूथपेस्टच्या जातीची. तिच्यात सिलिकोनसारख्या तेलात धातूची किंवा ॲल्युमिनासारख्या चिनीमातीच्या जातीची भुकटी ठासून भरलेली असते. रवि प्रशेर आणि त्यांच्या इंटेलमधल्या सहकाऱ्यांनी अशा पेस्टच्या अंतिम जाडीसाठी एक ढोबळ सूत्र काढलं आहे, आणि ते पाहून मी गार पडलो. दाब दुप्पट केला तर जाडी फक्त ११ टक्क्यांनी कमी होते. जाडी निम्मी करायची तर दाब सुमारे ६५ पट हवा. स्क्रू आणखी आवळून काही साधत नाही, हे तपकीर गल्लीत सूत्राशिवाय माहीत होतं. "जास्त पिळलं की बोर्ड वाकतो" एवढंच तो म्हणाला होता.

पुण्यात या शास्त्राचं माहेरघर शोधायचं तर पाषाण रस्त्यावर जावं लागतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सगळ्यांच्या तोंडची एनसीएल, १९५० मध्ये सुरू झाली. रघुनाथ माशेलकर इंग्लंडातल्या सॅलफर्डहून १९७६ मध्ये तिथं आले. त्यांचं नाव निघालं की लोकांना हळदीचं पेटंट आठवतं. पण त्यांची शास्त्रज्ञ म्हणून कमाई पॉलिमरसारख्या हट्टी द्रवांच्या वाहण्यावर आहे. (सॅलफर्ड आणि रेनॉल्ड्सचं मँचेस्टर यांच्यामध्ये एक नदी आहे, फक्त. पुणे आणि पिंपरी समजा.) पुढे ते एनसीएलचे संचालक झाले. २०२१ मध्ये संचालक झालेले आशिष लेले हेही पॉलिमर आणि रिऑलॉजीचेच. प्रवाहांचं संगणकी गणित रासायनिक उद्योगात कसं वापरावं यावर विवेक रानडे यांनी एक जाड इंग्रजी ग्रंथ लिहिला, तेही तेव्हा एनसीएलमध्येच होते.

रिऑलॉजीचं मुख्य हत्यार रिऑमीटर. गंमत अशी, की त्याच्या एका नेहमीच्या प्रकारात दोन चकत्याच असतात. मध्ये पेस्ट ठेवायची, वरची चकती खाली आणायची, कडेनं आलेली जादा पेस्ट निपटून काढायची आणि मग वरची चकती फिरवून किती जोर लागतो ते मोजायचं. पेस्ट मोजायलाही आधी दाबावीच लागते! आणि दाबल्यावर ती आधीची राहते का? काही पेस्टी घुसळल्या की सैल होतात आणि विसाव्यानंतर परत घट्ट. काही फार हळू दाबल्या तर तेल बाहेर येतं आणि भुकटी मागे राहते. दही फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला की निवळी गळून चक्का उरतो, तसं. चक्क्याचं श्रीखंड होतं. पेस्टचा चक्का झाला की तो पुढे दाबलाच जात नाही.

आता संगणक. समजा, तीस बाय वीस सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, वर बॅटरीचं मॉड्यूल बसायचंय, आणि शेवटी एक मिलिमीटरची फट राहायचीय. या फटीत उभे दहा कप्पे पाडायचे, कप्पा सगळीकडून सारखा घ्यायचा, तर लांबीत ३,००० आणि रुंदीत २,००० कप्पे होतात. एकूण सहा कोटी. प्रत्येक कप्प्यात पेस्ट किती आणि हवा किती, हा आकडा शून्य ते एकच्या दरम्यान ठेवायचा, प्रत्येक कप्प्यात दाब आणि वेग काढायचा, मग घड्याळ किंचित पुढे सरकवायचं आणि सगळं परत. असं हजारो वेळा. पेस्ट आणि हवेचा असा हिशोब ठेवण्याची पद्धत हर्ट आणि निकल्स यांनी १९८१ मध्ये मांडली. दुसरा रस्ता रेनॉल्ड्सचा. उंचीचे कप्पे विसरा, वरून बघितल्यासारखा नुसता पत्रा घ्या, एकेक मिलिमीटरचे चौकोन पाडा. साठ हजार. सहा कोटींच्या जागी साठ हजार, म्हणजे महासंगणकाच्या जागी माझा लॅपटॉप. अर्थात त्याची पेस्ट बदलल्यानंतरचा.

पुण्याला महासंगणकांचं कौतुक जुनं. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅकनं १९९१ मध्ये 'परम ८०००' दिला. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला, तोही पुण्यातच. पाषाणच्या आयसरमध्ये २०१९ ला 'परम ब्रह्म' बसला, तेव्हा त्याची क्षमता ७९७ टेराफ्लॉप्स होती. या यंत्रांवर कुणी पेस्ट पसरवून पाहिली असा माझा दावा नाही. मला मौज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 'परम ब्रह्म'ला गार ठेवायला थेट प्रोसेसरवर टेकणाऱ्या, आतून द्रव खेळवलेल्या पट्ट्या वापरल्या. अशा पट्टी आणि प्रोसेसरच्या मध्ये पातळ थर लागतोच. एवढं मोठं गणित करणारं यंत्रही त्या डाळीएवढ्या ठिपक्याच्या जिवावर चालतं.

या विद्येला पुण्यात आज गिऱ्हाईक आहे ते गाडीच्या बॅटरीचं. चाकणला २०१९ पासून विजेवरची चेतक स्कूटर बनू लागली. पिंपरी, चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात बॅटरी हा रोजचा शब्द झाला. लिथियम सेलना साधारण १५ ते ३५ अंशांत करमतं, आणि पुण्यातला एप्रिल काही त्यांना विचारून येत नाही. मोठ्या बॅटरीत मॉड्यूलखाली थंड पाणी खेळवलेला पत्रा असतो. दोघांच्या मध्ये घट्ट पेस्ट, कारखान्याच्या भाषेत गॅप फिलर. रोबो नोझलमधून पत्र्यावर पेस्टची दोरी घालतो, या दोरीला बीड म्हणतात, आणि मग मॉड्यूल खाली उतरतं. दाबण्याचा वेग जास्त झाला तर पेस्ट उलटा जोर लावते आणि तो सेलच्या तळाला बसतो. कमी झाला तर पेस्ट जमायला लागते, कारण तिच्यात बहुधा दोन घटक मिसळलेले असतात आणि घड्याळ चालू असतं. सिम्युलेशन करणाऱ्या माणसाला विचारायचे प्रश्न हे असे: दोरी कशी घालू, किती जाड, आणि मॉड्यूल किती सेकंदात खाली आणू?

दोरी कशी घालायची, याला मी मनात रांगोळी म्हणतो. आणि इथं आपली सगळी सौंदर्यदृष्टी उलटी पडते. रांगोळीत रेघ रेघेला येऊन मिळाली की समाधान वाटतं. इथं बंद झालेली आकृती म्हणजे आत कोंडलेली हवा. दाबताना दोरी चहूकडून फुगते, बंद वेटोळ्याच्या पोटातल्या हवेला दार उरत नाही, बुडबुडा तिथंच राहतो, आणि बरोब्बर त्याच्या वरचा सेल तापतो. चकलीचा आकार बरा वाटतो, कारण वेढ्यांमधली गल्ली बाहेरपर्यंत जाते. पण बाहेरचा वेढा आतल्याला आधी चिकटला की गल्लीचं तोंड बंद. म्हणून सरळ समांतर रेघा, नागमोडी, किंवा मधून निघून कोपऱ्यांकडे जाणारी फुली असले रुक्ष आकार निवडतात. फरशी बसवणाऱ्या कुशल कारागिराला हे सांगावं लागत नाही. दातेरी थापीनं तो मसाल्यात एकाच दिशेनं रेघा ओढतो, गोल गोल फिरवत नाही. फरशी ठेवून रबरी हातोडीनं ठोकतो आणि कान लावतो. पोकळ वाजली की उपटून पुन्हा. बॅटरीत ठोकून ऐकता येत नाही, म्हणून संगणकावर शंभर रांगोळ्या काढून दाबून बघायच्या आणि त्यातल्या दोन-तीन प्रत्यक्षात.

हे 'प्रत्यक्षात' मला महत्त्वाचं वाटतं. पडद्यावर निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेलं, सुबक पसरत जाणारं चित्र पाहिलं की बैठकीतले सगळे माना डोलावतात. माझा त्या चित्रावर आता निम्माच विश्वास आहे, आणि दोष समीकरणाचा नाही. रेनॉल्ड्सचं समीकरण पक्कं आहे. पण पेस्टचा स्वभाव म्हणून त्यात जो आकडा भरतात, तो अनेकदा पेस्ट विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातून उचललेला असतो: एका तापमानाला, एका वेगाला मोजलेला एकच आकडा, जणू ती मधच आहे. गणित धरून चालतं की पेस्ट भिंतीला चिकटलेली आहे. काही पेस्टी भिंतीवरून चक्क घसरतात. पत्रा सपाट धरलेला असतो. खरा पत्रा पापडासारखा किंचित वाकलेला असतो. आणि फट घनाच्या हिशोबानं (निम्मी फट, आठपट जोर) मोजली जात असल्यामुळे जाडीतली दहा टक्क्यांची चूक जोरात तीस-पस्तीस टक्क्यांची होते. म्हणून जाणते अभियंते पत्र्याच्या जागी आधी काच बसवतात, खालून कॅमेरा लावतात आणि मॉड्यूल दाबून बघतात. काचेखालचं चित्र पडद्यावरच्या चित्राशी जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर बदलायचा तो स्वभावाचा आकडा, आणि त्यासाठी रिऑमीटरसमोर बसायचं. संगणकाचा तास आता स्वस्त आहे. रिऑमीटरसमोरच्या दुपारीला मात्र कुणी बजेट देत नाही.

त्या झाडाचं राहिलंच. पट्टी उचलली की फट रुंद होते, कडेनं हवा आत घुसते. घट्ट पदार्थात पातळ पदार्थ घुसवायला गेलं की त्याची सीमा सरळ राहत नाही. जिथं हवा किंचित पुढे जाते, तिथं तिला वाट आणखी सोपी होते, ती आणखी पुढे जाते आणि बोटं फुटतात. बोटांना बोटं. हेन्री हेली-शॉनी १८९८ मध्ये दोन काचांमधला प्रवाह दाखवायचं साधन केलं होतं. त्याच दोन काचांतल्या या बोटांचं गणित सॅफमन आणि टेलर यांनी १९५८ मध्ये सोडवलं. म्हणजे दुकानात मी पाहिलेलं झाड पेस्ट पसरताना उगवलेलं नव्हतं. ते मी हट्टानं पट्टी उचलायला लावली म्हणून उगवलं. पसरताना ती गुपचूप गोलच पसरली होती. कारागिराचं बरोबर होतं, आत बघायला गेलं की आतलं बदलतं.

लॅपटॉप आता बंद पडत नाही. हा लेख त्याच्यावरच लिहिला. मधाच्या काचा धुऊन फ्रेममध्ये परत गेल्या. टूथपेस्टची जोडी चौथ्या दिवशीही खिडकीत होती, वर्तुळ पाच सेंटिमीटरच. पाचव्या दिवशी साखरेची पिशवी करंज्यांसाठी उचलली गेली.